अकरा पानं, एक कळी

सकाळी साडेसात वाजता टिल्लू गॅलरीत उभा राहून एका रिकाम्या कुंडीला पाणी घालत होता, आणि त्याचे वडील आतल्या खुर्चीत डोळ्याला पट्टी बांधून त्याच्यावर देखरेख करत होते.

“किती घातलंस?”

“दीडशे.”

“दीडशे काय? माणसं?”

“मिलिलिटर, बाबा.”

“मग तसं म्हण. एकक नसलेला आकडा म्हणजे अफवा.”

बाबांनी चौतीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केली होती. बाजारात त्यांचं पाऊल पडलं की तराजू आपसूक सरळ व्हायचे, असं ते स्वतःच सांगायचे. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ मागतात, शाल मागतात. बाबांनी एक पितळी माप मागून घेतलं होतं. दीडशे मिलिलिटरचं, बुडाला ठसा मारलेलं. घरातल्या नऊ कुंड्यांना रोज त्याच मापाने पाणी मिळायचं, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. आठ कुंड्यांत झाडं होती. नववीत माती होती.

रोज हे काम बाबाच करायचे. पण काल त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. वाकायचं नाही, पाण्याजवळ जायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद होती. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. त्यातून जग आंघोळीच्या खोलीच्या काचेतून दिसावं तसं दिसायचं. आज दुपारी चार वाजता पट्टी निघणार होती.

“नववीला शेवटी घातलंस ना?”

“हो.”

“कळी कशी आहे?”

टिल्लूने मातीकडे पाहिलं. मातीवर एक मुंगी होती. तीही परत फिरली.

“टवटवीत आहे,” तो म्हणाला.

हे सगळं सुरू झालं ते आईमुळे. आठ महिन्यांपूर्वी इस्पितळात जायला निघण्याच्या सकाळी, गाडी खाली येऊन उभी असताना, आई गॅलरीत गेली, नवव्या कुंडीत काहीतरी खोल दाबलं, वर माती सारखी केली आणि हात धुऊन आली. बाबा म्हणाले, काय लावलंस? आई म्हणाली, “आल्यावर सांगते. पाणी तेवढं घालत राहा, अहो.”

‘मग सांगते’ हे आईचं तोंडचं वाक्य होतं. कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे, खुरपं कुठे ठेवलंय, मामाशी कशावरून बिनसलं, सगळं मग. ती गेली तेव्हा घरात इतकं ‘मग’ शिल्लक राहिलं होतं की कपाट अजून एकाच किल्लीवर चाललं होतं.

बाबांनी मात्र तिचं ते शेवटचं वाक्य सरकारी आदेशासारखं धरलं. रोज दीडशे मिलिलिटर. बाकी कशात त्यांचं लक्ष उरलं नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी वर्तमानपत्र सोडलं, दुसऱ्यात रात्रीचं जेवण, तिसऱ्यात बोलणं. चौथ्या महिन्यात ते नवव्या कुंडीसमोर स्टूल टाकून बसू लागले. डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही झालेलं नाही, पण असंच चाललं तर होईल. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, “काही दिसतंय का रे? मला सगळं धुकंच दिसतं.”

टिल्लूने पाहिलं. काही नव्हतं. अगदी काहीच नव्हतं. आणि तो म्हणाला, “हो. टोक दिसतंय.”

त्या रात्री बाबा दोनदा वाढून घेऊन जेवले.

तिथे थांबला असता तर निभावलं असतं. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं मापात खोट शोधली, त्याला नुसतं ‘टोक’ कसं पुरणार? केवढं टोक? रंग कोणता? सरळ आहे की कललंय? टिल्लू म्हणाला, अर्धा सेंटिमीटर, पोपटी, सरळ, बरोब्बर मधोमध. मग दर रविवारी अहवाल सुरू झाला. खोटं बोलणाऱ्याची स्मरणशक्ती चांगली लागते. टिल्लूची नव्हती, म्हणून त्याने फोनमध्ये ‘कोंब – अधिकृत माहिती’ अशी नोंदच उघडली. पाचव्या महिन्यात चार पानं. सहाव्यात सात. पानं बदामाच्या आकाराची, कडेला बारीक लव. ही लव कुठून सुचली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. माणूस एकदा थापा मारायला लागला की त्याच्यातला कलावंत जागा होतो.

हात लावून बघायचा धोका नव्हता. नवीन कोंबाला कुणी बोट लावलं तर तो लाजून मरतो, असा आईचा घरातला कायदा होता, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला हात लावून खात्री करणारे बाबा हा एकच कायदा पाळायचे.

कळी मात्र नाइलाजाने आली. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता ऑपरेशन केलं नाही तर पुढे दिसेल याची खात्री नाही. बाबा म्हणाले, “न दिसू दे. बघायचंय काय आता?” समजावून दमल्यावर टिल्लूच्या तोंडून निघून गेलं, “बाबा, कळी आलीये.”

बाबा उठले आणि बाहेर जायचा शर्ट घातला. जिन्यात त्यांनी तारीख ठरवून टाकली. फक्त एक अट घातली: “आधी एक डोळा. त्याने काय दिसतं ते बघू. बघण्यासारखं असलं तर दुसरा.”

म्हणजे आता सगळं त्या कुंडीवर येऊन ठेपलं होतं. बाबांचं जेवण, बोलणं, दुसरा डोळा, सगळं. आणि कुंडीत माती होती.

आठ वाजता ताईचा फोन आला. ताई टिल्लूपेक्षा सहा वर्षांनी मोठी, विमानाने जावं लागेल इतकी लांब राहायची आणि तरीही खोलीत उभी असल्यासारखी बोलायची.

“मिळालं का झाड?”

“आज आणतो.”

“आज? ढब्बू, तीन आठवडे काय करत होतास?”

“काळजी.”

“खोटं बोलायचं तर बोलावं माणसाने, पण आकडे देऊन? नुसतं ‘छान वाढतंय’ म्हणता येत नव्हतं? आता शोध बदामी पानांचं, लव असलेलं, अकरा पानांचं झाड. हौस तरी किती! फळं नाही लागली ते नशीब.”

“ताई, खरं सांगून टाकू का?”

पलीकडे ताईने कुठलंसं दार लोटून घेतलं. मग ताई म्हणाली, “रात्री बाबा माझ्याशी चोवीस मिनिटं बोलले. कळीबद्दल. आई गेल्यावर मला ते चार मिनिटांच्या वर कधी भेटले नव्हते. तू झाड आण.”

टिल्लूने कामांची यादी खिशात घातली. डोळ्यांचे थेंब, काळा चष्मा, कुकरची रिंग, बाबांच्या चपलेचा अंगठा, झाड. यादीत झाड मुद्दामच शेवटी लिहिलं होतं, जणू ते वाटेत सहज मिळेल.

आधीची कामं वाईट झाली नाहीत, हेच वाईट झालं. औषधवाल्याकडे थेंब होते. काळा चष्मा पहिल्याच दुकानात मिळाला, जरा मोठा होता, पण बाबा त्यात गुप्तहेर दिसले असते. कुकरची रिंग विकणाऱ्याने कुकर कुठला असं विचारलं आणि टिल्लूने पहिल्या फटक्यात बरोबर सांगितलं. अंगठा शिवायला बसलेला चांभार म्हणाला, “चप्पल संपलीये, साहेब. अंगठा तेवढा जिवंत आहे.” टिल्लू म्हणाला, “मग चपलेला कळू देऊ नका.” चांभाराने त्याच्याकडे बघितलं आणि गपचूप टाका घातला.

साडेअकराला तो नर्सरीत पोचला. नर्सरीवाला उलट्या बादलीवर बसून रोपांना नावाच्या पट्ट्या लावत होता.

“काय देऊ?”

“झाड. बावीस सेंटिमीटर, अकरा पानं. बदामी, कडेला लव. एक कळी.”

नर्सरीवाल्याने पट्ट्या खाली ठेवल्या. “कुणाला भेट द्यायचंय?”

“नाही. तपासणी आहे.”

“मी इथे वीस वर्षं आहे,” नर्सरीवाला म्हणाला. “लोक फुलांचं विचारतात, सावलीचं विचारतात. पानं मोजून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच.” पण तो उठला. असल्या वेडेपणाचा माणसाला मोह पडतोच. दोघं रांगांमधून मोजपट्टी घेऊन हिंडले. बदामी पानांना लव नव्हती, लव होती त्यांना कळी नव्हती. शेवटी कोपऱ्यात, गळक्या नळाखाली, एक सापडलं. एकवीस सेंटिमीटर. बदामी पानं, लव, कळी. पानं चौदा.

“नाव काय याचं?”

“खरं सांगू? पट्टी हरवली. आम्ही याला ‘नळाखालचं’ म्हणतो.”

“यातली तीन पानं काढता येतील?”

नर्सरीवाल्याने असं पाहिलं, जणू टिल्लूने त्याच्या मुलाचे तीन दात मागितले होते. मग स्वतःच कात्री आणली. “तुम्ही नका हात लावू,” तो म्हणाला आणि खालची तीन पानं एकेक करून, हलकेच, काढली. “लावणार कशात?”

“घरी कुंडी आहे. रिकामी.”

“रिकामी म्हणजे?”

“म्हणजे, आईने काहीतरी लावलं होतं. आठ महिने पाणी घालतोय. आलं नाही.”

“काय लावलं होतं?”

“माहीत नाही.”

“मग रिकामी कशावरून?” नर्सरीवाला म्हणाला. “काही बिया वर्ष वर्ष झोपा काढतात, साहेब. मनात आलं की उठतात. हे कडेला लावा. मधे उकरू नका.”

टिल्लू बरं म्हणाला. त्याने ते ऐकलं होतं, समजलंही होतं. नंतर स्वतःशी वाद घालताना याबाबतीत त्याला कसलीही पळवाट मिळाली नाही.

घरी बाबा दीड वाजता आडवे झाले. टिल्लूने त्यांच्या खोलीचं दार लोटलं, झाड गॅलरीत आणलं आणि नवव्या कुंडीशेजारी फतकल मारून बसला. खुरपं कुठे आहे हे आई मग सांगणार होती, म्हणून त्याच्या हातात वाढायचा मोठा चमचा होता.

कडेला लावायचं, असं ठरवूनच तो बसला होता. पण कडेला लावून बघितल्यावर त्याला फोनमधली नोंद आठवली. पहिल्याच दिवसाची. ‘बरोब्बर मधोमध’. बाबा मोजपट्टी घेऊन काठापासूनचं अंतर मोजणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. उंची एका सेंटिमीटरने चुकली तर वाऱ्यावर ढकलता येईल, पण झाड रात्रीतून चार बोटं सरकलं हे कशावर ढकलणार?

टिल्लू सहा फूट उंच होता. सातव्या महिन्यात जन्मला तेव्हा ओंजळीत मावायचा, म्हणून नाव पडलं टिल्लू, आणि पुढे नावाला मान न देता तो वाढत गेला. त्या सहा फुटांचा सगळा भार त्याने चमच्यावर टाकला. माती आठ महिन्यांच्या पाण्याने दबून घट्ट बसली होती. चमचा एक इंच गेला. दोन इंच गेला. मग खाली काहीतरी कुरकुरीत आवाज झाला, काकडी मोडावी तसा.

त्याने माती बाजूला केली.

एक पांढराशुभ्र कोंब होता. बोटाएवढा जाड, टोकाला अगदी फिकट पोपटी. टोक मातीच्या वरच्या थराला जवळजवळ टेकलं होतं. नखाएवढी माती मधे राहिली होती. चमच्याने तो मधोमध तोडला होता. खाली लिंबाएवढी तपकिरी बी होती, तीही उभी चिरली होती, आणि आतला गर ओला, पांढरा, नुकताच जागा झालेला दिसत होता.

टिल्लू बघत बसला.

त्याने तुटलेला तुकडा उचलून बुंध्यावर ठेवून पाहिला. बसला. अगदी बरोबर बसला. हात काढला आणि पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. चिरलेली बी त्याने दोन्ही तळव्यांत दाबून धरली, जणू दाबून धरली की ती चूक मान्य करून मिटेल. आणखी चार-पाच दिवस. फार तर आठवडा. टोक आलं असतं. अर्धा सेंटिमीटर, पोपटी, सरळ. आणि बरोब्बर मधोमध. एवढ्या सगळ्या थापांमध्ये तो फक्त वेळेत चुकला होता.

“अरे,” आतून बाबांचा आवाज आला. “काय करतोयस?”

“काही नाही. पाणी.”

“सकाळी घातलंस ना दीडशे मिलिलिटर? आणखी नको. कुजेल ती.”

“नाही घालत.”

“किती वाजले?”

“सव्वादोन.”

“मग आवर. चारला जायचंय. मी कपडे करतो.”

बाबा स्वतःहून कपडे करायला उठले होते. शिळेवर घासल्यासारखा त्यांचा तो आवाज गेल्या आठ महिन्यांत इतका उत्साही कधी लागला नव्हता. पट्टीखालून शीळसुद्धा चालली होती, सूर नसलेली. टिल्लूने बी बाजूला ठेवली. तिच्या जागी, बरोब्बर मधोमध, नळाखालचं झाड लावलं. माती दाबली. पानं मोजली. अकरा. कोंबाचा तुकडा त्याने स्वयंपाकघरात नेऊन काचेच्या पेल्यात पाण्यात उभा केला. फुलं ठेवतात तसं. यातून काही होणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण कुठेतरी ठेवायला हवा होता. बी खिशात ठेवली. यादीतली सगळी कामं झाली होती.

चार वाजता डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि दोन बोटं दाखवून विचारलं, “किती?”

“दोन,” बाबा म्हणाले. “आणि नखं वाढलीत.”

“छान दिसतंय की!”

“दिसतंय. एक सांगा, घरी जाऊन बारीक वस्तू बघितली तर चालेल? साधारण बावीस सेंटिमीटरची?”

परतताना गाडीत बाबांनी काळा चष्मा वर करून टिल्लूकडे बराच वेळ पाहिलं. “तू म्हातारा झालास रे,” ते म्हणाले.

“तुम्हीच मला धुक्यात ठेवलंत.”

“कानाजवळ पांढरे झालेत. आणि हातांना माती कसली?”

“सकाळची.”

“सकाळची सुकली असती,” बाबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. पाट्या वाचत राहिले, मोठ्याने, एकेक, नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलासारखे.

घरात शिरल्यावर ते कुठेही थांबले नाहीत. चपला न काढता गॅलरीत गेले आणि नवव्या कुंडीसमोर स्टुलावर बसले. टिल्लू दारात उभा राहिला. त्याच्या मांडीला खिशातली बी लागत होती.

बाबांनी पानं मोजली. मग उलट्या बाजूने मोजली. हात मागे बांधले होते, लागू नयेत म्हणून.

“अकरा,” ते म्हणाले. “लव पण आहे.” त्यांनी मान तिरकी करून काठापासूनचं अंतर पाहिलं. “मधोमध आहे.”

“हो.”

“बावीस नाही. एकवीस असेल.”

“उन्हाने असेल.”

“असेल.” बाबा पुढे झुकले, मग वाकायचं नाही हे आठवून मागे झाले. त्यांच्या नव्या डोळ्याला पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी पाणी येईल असं सांगितलंच होतं. जुन्यालाही आलं, त्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

“उशीर केलास,” बाबा म्हणाले. टिल्लूला नव्हे, झाडाकडे बघून आईला. “पण पाठवलंस.”

टिल्लू तिथे उभा राहू शकला नाही. तो स्वयंपाकघरात जाऊन कुकरला नवी रिंग बसवू लागला. नीट बसली. थोड्या वेळाने पाणी प्यायला बाबा मागोमाग आले, आणि ज्याला सगळं दिसतं त्या माणसाप्रमाणे सगळं बघू लागले. टाइलवरची चीर. गॅसमागचा डाग. मग ओट्यावरचा पेला. कोंब आता एका बाजूला कलला होता आणि त्याचं पोपटी टोक तपकिरी पडायला लागलं होतं.

“हे काय?”

“कांद्याचा कोंब,” टिल्लू म्हणाला. “कांदा चिरताना निघाला.”

बाबांनी पेला उचलून उजेडात धरला. बराच वेळ धरला. टिल्लू मनात म्हणाला, आत्ता विचारतील. विचारलं तर सांगून टाकू. एकदा विचारा.

“जाड आहे,” बाबा म्हणाले.

“हो.”

“कांद्याचा एवढा जाड?”

“हो.”

बाबांनी पेला खाली ठेवला. “टाकून दे. पाण्यात कुजून वास मारेल. तिचं एक झाड सांभाळलंस, तेवढं पुष्कळ झालं.”

“मग टाकतो.”

“मग नाही. आत्ता. या घरात मग म्हटलेलं काही होत नाही.”

ते हसले. आठ महिन्यांनी हसले, आणि दारात उभे राहून, नव्या डोळ्याने बघत, वाट बघू लागले. टिल्लूने कोंब बाहेर काढला. हातात तो गार लागला, आणि वजनाने वाटलं त्यापेक्षा जास्त. त्याने कचऱ्याच्या डब्याच्या पेडलवर पाय दिला, झाकण उघडलं, आणि कोंब आत टाकला. सकाळच्या चहाच्या चोथ्यावर तो उताणा पडला.

बाबा समाधानाने वळले. बाहेरच्या खोलीत त्यांनी फोन लावला, आकडे स्वतः बघून, एकेक दाबून.

“हां, ताई? अगं, अकरा! मी स्वतः मोजली. हो, कळी पण. आता दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं ते सांग. काय झाड आहे ते? ते नाही बाई कळलं. तुझ्या आईने सांगितलं तर ना!”

टिल्लूचा पाय अजून पेडलवरच होता. काढला असता तर झाकण बंद झालं असतं.